लालबागच्या नाक्यावर हेल्गा

"जहाज धक्क्याला लागेपर्यंत कुणीही तोंड उघडायचं नाही," हेल्गा फोनवर पुन्हा पुन्हा बजावत होती. फोन स्पीकरवर होता. समोर आमचे सरचिटणीस घाडीभाई जोरजोरात मान डोलवत होते. भाईंची मान फार छान डोलते. ती डोलली म्हणजे त्यांनी ऐकलं असं नसतं, हे युरोपात बसलेल्या बाईला मी कसं सांगणार?

मी परळच्या एका खलाशी युनियनमध्ये इन्स्पेक्टर आहे. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना पोलीस आठवतो. माझं काम साधं आहे. जहाजावरच्या कुणाची तक्रार आली, की ते जहाज ज्या बंदरात जाणार तिथल्या युनियनला गाठायचं. हेल्गा तिच्या बंदरात हेच काम करते. आम्ही कधी भेटलो नाही, पण एकमेकींच्या सुनांच्या तक्रारी आम्हाला पाठ आहेत.

या वेळची तक्रार महेश तोडणकरची होती. त्याची बायको अश्विनी लालबागहून चालत आली आणि तिने मोबाईल माझ्या पुढ्यात ठेवला. जहाज बांधायच्या दोरखंडात महेशचं उजव्या हाताचं बोट चेंगरलं होतं. फोटोत ते सुजून टम्म झालेलं, टोकाला काळं पडत चाललेलं दिसत होतं.

"ताई, कॅप्टन डॉक्टरकडे सोडत नाय," ती म्हणाली. "नुसत्या गोळ्या देतो. हाताचं काम करणारा माणूस आहे तो."

मी आधी कंपनीत गेले. लोअर परळला गिरणीच्या जागेवर त्यांचं काचेचं ऑफिस आहे. क्रू मॅनेजरने उत्तम कॉफी पाजली आणि समजावलं की जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याच देशाचा, ते फक्त माणसं पुरवतात. झेंडा परका का? तर त्या देशाचे नियम फार प्रेमळ असतात, मालकाशी. डॉक्टर बोलावला की अपघाताची नोंद होते, नोंद झाली की चौकशी, आणि चौकशी म्हणजे जहाज अडकलं. त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. मी कॉफी संपवली आणि हेल्गाला फोन लावला.

तिचा प्लॅन ऐकून मला गिरणगावचीच कुणी बोलतेय असं वाटलं. जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळ्यांनी जखडलेले असतात, त्याला लॅशिंग म्हणतात. धक्क्यावरचे कामगार वर चढून ते सोडवतात, मगच क्रेन चालते. पण चढण्याआधी त्यांचा सेफ्टीवाला जहाजाची शिडी तपासतो. तो नाही म्हणाला, तर कुणी पाऊल टाकत नाही. आणि शिडी सावकाश तपासता येते. फारच सावकाश. तेवढ्यात हेल्गा कॅप्टनला भेटून सुचवणार होती की डॉक्टर आला तर शिडीही बहुधा ठीक निघेल. अडचण एकच. परक्या जहाजावरच्या माणसासाठी काम थांबवणं तिथल्या कायद्यात बसत नाही. त्यामुळे महेशचं नाव कुठेही निघायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. "आंतरराष्ट्रीय दणका! लालबागच्या सुपुत्रासाठी युरोपचं बंदर बंद!" मध्ये घाडीभाई हात जोडून उभे. खाली कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, खजिनदार आणि एक शुभेच्छुक. कोपऱ्यात हेल्गा. तिचा फोटो माझ्या ग्रुपवरून उचलला होता, त्यामुळे तिच्या मांडीवरचा कुत्राही नाक्यावर झळकला. महेशचा फोटो नव्हता. जागा उरली नसावी.

मी तडक ऑफिस गाठलं.

"भाई, जहाज अजून लागलंसुद्धा नाही."

"अगं, समोरची युनियन क्रेडिट घेऊन गेली असती," भाई म्हणाले. "तुला राजकारण कळत नाही."

त्यांनी तोच फ्लेक्स फेसबुकवर टाकून कंपनीला टॅगही केलं होतं. न जाणो, त्यांच्या नजरेतून सुटायचं.

सुटलं नाही. संध्याकाळपर्यंत हेल्गाच्या युनियनला वकिलाची नोटीस पोचली. जहाजाने ते बंदरच गाळलं आणि पुढच्या देशाचा रस्ता धरला. महेश आणखी काही दिवस समुद्रात, सोबत गोळ्या. अश्विनीला हे सांगताना मला माझ्याच ऑफिसची लाज वाटली.

हेल्गा मला रागावली नाही. तिने फक्त विचारलं की तुमच्याकडे माणूस वाचायच्या आधीच आनंद साजरा करतात का. मी म्हटलं, हो, मंडप लवकर मिळतो. मग ती म्हणाली, पुढच्या बंदरातल्या युनियनशी आमचं बोलणं बंद आहे, पण तिथला एक क्रेनवाला ओळखीचा आहे. तुझ्या भाईंना मात्र कळू देऊ नकोस. मी भाईंना सांगितलं की सगळं संपलं. त्यांनी लगेच निषेध सभेची तयारी सुरू केली आणि आठवडाभर कुणाला त्रास दिला नाही.

पुढच्या बंदरात शिडी खराब निघाली. गंमत म्हणजे ती खरंच खराब होती. कामगार खाली, क्रेन वर, कॅप्टन मध्ये. दुपारी डॉक्टर आला आणि महेशला हॉस्पिटलमध्ये नेलं. हात वाचला, बोट गेलं. थोडं आधी आणायला हवं होतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला.

महेश परतल्यावर दादरला सत्कार झाला. भाई जगातल्या कामगारांच्या एकजुटीवर बोलले आणि चांगलं बोलले. फोटोग्राफरने महेशला मूठ वर करायला सांगितलं. त्याने बँडेज बांधलेला उजवा हात उचलला. भाई हळूच म्हणाले, "डावा कर रे, डावा बरा दिसतो."

माझ्या शेजारी अश्विनी बसली होती.

"ताई, तो बोर्ड लावला नसता, तर बोट वाचलं असतं?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

आता परदेशातली केस आली की मी आणि हेल्गा सुनांबद्दल बोलतो, आणि मध्येच कामाचं. माणूस घरी पोचला की मग भाईंना कळतं. हल्ली माझ्या हातून काहीच होत नाही, असं ते मीटिंगमध्ये बोलून दाखवतात. मी मान डोलवते.