श्यामसुंदरिएसी

जबलपूरच्या एका कॉलेजात श्यामसुंदर बक्षी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, त्यामुळे कुळाचा अभिमान त्यांना पगाराआधीच मिळालेला होता. दरवर्षी पहिल्या तासाला ते फळ्याच्या मधोमध रेघ ओढायचे. "फुलं येणाऱ्या वनस्पतींचे गट दोन. बी रुजताना एक पान निघालं तर एकदल, दोन निघाली तर द्विदल. पृथ्वी बुडेपर्यंत हेच राहील."

पृथ्वी बुडायच्या आधीच विभागात यशोधरा मेश्राम आल्या. तरुण, डीएनएवर काम केलेल्या. द्विदल असा एकसंध गट आता कोणी मानत नाही, हे त्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. सोनचाफा, सीताफळ, काळी मिरी यांची फांदी वेगळी निघाली. कमळ आणि कुमुदिनी एका तळ्यात नांदतात, पण नातं लांबचं. कमळाचा त्यातल्या त्यात जवळचा नातलग म्हणजे रस्त्याकडेचा सिल्व्हर ओक.

"मॅडम, सोयरीक जमवायची तर जरा घरदार पाहून जमवा," बक्षीसर म्हणाले.

"घरदार पाहूनच तर घोळ झाला, सर. चेहऱ्यावरून नाती लावली होती. आता आतलं तपासून लावतात."

बक्षीसरांनी कप बशीत आपटला. त्या दिवसापासून या बाईला काहीतरी दाखवून द्यायचं, हे त्यांच्या मनात बसलं.

ती संधी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत मिळाली. कूलरची टाकी बनवून घ्यायला गेले असता कारखान्याच्या कुंपणापाशी त्यांना एक झुडूप दिसलं. त्याच्या फुलांना रंगच नव्हता. पाकळ्यांच्या जागी बारीक हिरवी पानं, बी धरणाऱ्या भागाच्या जागीही पानं. असं फूल त्यांना ठाऊक असलेल्या एकाही कुळात बसेना. बसेना म्हणजे कूळच नवीन! टाकी तिथेच राहिली आणि झुडूप मुळासकट घरी आलं.

"नुसती जात नाही, पूर्ण कूळ!" त्यांनी बायकोला, क्षमाताईंना, सांगितलं. "प्रजातीचं नाव श्यामसुंदरिया. आणि कुळाच्या नावाला शेवटी एसी लागतो. श्यामसुंदरिएसी!"

"अच्छा," घाम पुसत क्षमाताई म्हणाल्या. "नावाला लागून राहिला, तर बैठकीत काहून नाही लागत?"

अडचण एकच होती. आपणच आपलं नाव झाडाला द्यायला नियमात बंदी नाही, पण जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ ते शरमेचं मानतात. म्हणजे नाव दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवं, तेही आपणहून. बक्षीसरांनी आपणहून यशोधराबाईंची निवड केली.

बाईंनी झुडूप उलटसुलट पाहिलं. "सर, जवळपास सदाफुली होती का?"

"होती ना, भरपूर. मग?"

"मग ही सदाफुलीच आहे. आजारी. तुडतुडे रस शोषतात, त्यांच्यातून जंतू शिरतो आणि फुलाची पानं होतात."

"मॅडम, तुम्ही जळून राहिल्या."

प्राचार्यांना मात्र शोध फार आवडला. कळला नाही, म्हणूनच असावा. "बक्षी जी, कॉलेज का नाम हो जाएगा!" असं म्हणून त्यांनी सत्कार ठरवला. सराफ्यात चांदीची पाटी घडली, तिच्यावर कुळाचं नाव कोरलं गेलं. बक्षीसरांनी फांद्या कुंड्यांत लावून शहरातल्या मान्यवरांना वाटल्या. काही महिन्यांत मान्यवरांच्या बंगल्यांतली गुलाबी सदाफुली एकेक करत हिरवी पडली. तक्रारी आल्या, तेव्हा बक्षीसर खूश झाले. "पाहा, कूळ वाढून राहिलं!"

इकडे यशोधराबाई सरांनीच दिलेल्या एका कुंडीला जंतू मारणाऱ्या टेट्रासायक्लिनचं पाणी घालत होत्या. सत्काराच्या आदल्या दिवशी ती कुंडी त्यांनी बक्षीसरांच्या टेबलावर आणून ठेवली. खाली जुनी हिरवी फुलं तशीच होती. त्याच फांदीच्या शेंड्यावर गुलाबी, पाच पाकळ्यांची, साधी सदाफुली उमलली होती.

"बदलली तुम्ही," बक्षीसर म्हणाले.

"चिठ्ठी वाचा, सर."

फांदीला तांबड्या दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी सरांच्याच अक्षरातली होती, कुंडी देताना त्यांनीच बांधलेली. त्यांनी फांदी खालून वर बोटाने चाचपली. कलमाचा जोड कुठेच सापडेना. मग ते खुर्चीत बसले.

सत्कार झाला. सभागृह ठरलं होतं, समोसे सांगितले होते. खरं कळल्यावर प्राचार्यांनी फक्त विषय बदलून 'आजीवन सेवा' केला. चांदीची पाटी वाया जाऊ नये म्हणून तीच दिली. प्रमुख पाहुण्यांनी ती मोठ्याने वाचली, श्यामसुंदरिएसी ही पदवी आहे असं समजून टाळ्या वाजवल्या. श्रोत्यांनीही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात बक्षीसर बंगल्याबंगल्यांतून कुंड्या परत मागत फिरले. परदेशी पाठवायच्या आहेत, असं सांगायचे. त्या प्रयोगशाळेमागे गेल्या आणि त्यांतली झाडं यशोधराबाईंच्या देखरेखीखाली जळाली. धूर डोळ्यांत जात होता तरी बक्षीसर हलले नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले, "या रोगाला नाव असेल ना काही?"

"आहे, सर."

"आणि त्या जंतूला?"

"त्यालाही दिलंय."

"तुडतुड्याला?"

"सर, घरी जा आता."