तुळसाबाईंच्या कापसाखालचे गाव

अमरावती सोडताना बंडीत (बैलगाडीत) सामान यादीबरहुकूम चढवले: पडशी, घोंगडी, तांब्या, दशम्या. बडनेऱ्यापर्यंत घोंगडी कुठेशी पडली. रस्ता कापसाच्या गाड्यांनी असा भरलेला की मागे वळून शोधणेही जमेना. अमेरिकेत लढाई चालू असल्यामुळे विलायतेला इथला कापूस हवा आहे, आणि इकडे लोकांनी वाटेच्या कडेपर्यंत पऱ्हाटी (कपाशी) लावली आहे.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या वाटेवर बंडी एका चरापाशी अडली. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या नव्या प्रेसला पाणी नेण्यासाठी लोखंडी नळ टाकायचा होता. चर एका शेतात शिरला आणि काळ्या मातीखाली पांढरी लागताच मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. मी उतरून पाहिले. हातभर लांब विटांची भिंत, तीत कोनाडा, पुरलेला रांजण, मातीची चूल आणि एक कोरीव दगड. त्यावरची अक्षरे बाळबोधाच्या फार आधीची. मला एकही लागले नाही. घर हजारेक वर्षांपूर्वीचे असावे.

वऱ्हाडात पिकाच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पांढरीत पीक घ्यायचे नाही. शेत एकट्या सांभाळणाऱ्या तुळसाबाईंना गावचे पाटील काठावरून हेच सांगत होते.

"पांढर निंगाली, बाई. पऱ्हाटी उपटा लागन."

"बोंडं फुटून राहिली, पाटीलबुवा. आठ दिसात वेचा हाये. आन् हे गाव मले पुसून बसलं होतं का?"

"कचेरीचे कारकून येऊन राहिले. वस्ती नाई, म्हंजे गाव बेचिराग (जिथे दिवा लागत नाही असे). बेचिराग जागा सरकारची."

तुळसाबाई घरून पीठ, तवा आणि पणती आणून चरात उतरल्या. भर दुपारी कोनाड्यात पणती लावली, हजार वर्षांच्या चुलीत वाळक्या काड्या सारल्या आणि भाकर थापायला घेतली. मला पाहुणा म्हणून खाली बोलावले. बेसन-भाकर उत्तम, ठेचा जहाल.

कारकून आले. पुण्याकडचे, छापील नमुन्याबाहेर न जाणारे.

"दिवा लागतो?" त्यांनी वरूनच विचारले.

"लागून राहिला न, सायेब."

"वस्ती?"

"मी एकली. हे पाव्हने."

"पाटील कोण?"

वरचे पाटील खाकरले.

"तुमी तुमच्या गावचे," तुळसाबाई म्हणाल्या. "इथली सारी मीच."

"घरामागे काय?"

"परसू. परसात थोडी पऱ्हाटी लावली."

कारकुनांनी नाल्यापर्यंत पसरलेल्या परसाकडे पाहिले. परसाची लांबी लिहायला नमुन्यात रकाना नव्हता. त्यांनी लिहिले: घर एक, माणूस एक, परस आहे. राहत्या घरातून नळ नेता येत नाही, म्हणून चर वळवायला सांगून ते निघून गेले.

अकोल्याची कामे उरकून पंधरवड्याने मी त्याच वाटेने परतलो. सगळा कापूस वेचून झाला होता. तुळसाबाई त्या जुन्या चरात माती लोटत होत्या.

"गाव कुठे गेले?" मी विचारले.

"उठलं," त्या म्हणाल्या. "वेचा झाला न."

गावे उठल्याच्या हकिकती मी पुष्कळ ऐकल्या आहेत. कुठे पटकी, कुठे पेंढारी, कुठे दुष्काळ. काम संपले म्हणून उठलेले गाव मात्र हे एकच पाहिले.