देवीपुढचा नारळ आणि नव्वद दिवस

लाँचच्या तळाची एक फळी कुजली होती. अंगठा दाबला की ओल्या बोंबलासारखी आत जायची. मी तेव्हा मुरुडच्या बाजूला एका खाडीत माणसं पलीकडे नेणाऱ्या लाँचवर तांडेल होतो, म्हणजे सुकाणू माझ्या हातात. हाताखाली एक खलाशी. मालक आमच्याच कोळीवाड्यातला. त्याला तीनदा सांगितलं. त्यानं फळीत लांबी भरली, वरून हिरवा रंग मारला आणि म्हणाला, "तांडेल, आता बघ कशी नवरीसारखी दिसते."

मी चौथी शिकलेला. तरी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला आणि बंदराच्या साहेबाला नेऊन दिला. खाली खलाशानंही सही केली. मी त्याला सही कर म्हटलं नव्हतं. त्यानंच माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं.

शिमगा झाला आणि मालकानं आम्हा दोघांना धक्क्यावरूनच परत पाठवलं. "साहेबाकडं गेलात ना? आता साहेबाचीच लाँच चालवा."

आमच्याकडची रीत अशी, की भांडण पंचांकडे गेलं की देवीपुढं नारळ ठेवायचा. पंच तो फोडत नाहीत तोवर दोन्ही बाजूंनी गप्प राहायचं, कोर्टाची पायरी चढायची नाही. मालकानं नारळ ठेवला. मी त्यावर हात ठेवला, खलाशानं माझ्या हातावर हात ठेवला. पंच म्हणाले, निकाल नारळी पुनवेनंतर.

वैशाख सरत आला तेव्हा खलाशी मुरुडहून तडक माझ्याकडे आला. कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्यानं त्याला काही सांगितलं होतं.

"तांडेल, खरं बोलल्याचा राग धरून कामावरनं काढला, तं कामगार कोरटात नव्वद दिसांत अर्ज टाकायचा असतो. मंग कोरट इचारतं, एवरे दिस काय करत व्हतास?"

"नारळ हाय देवीपुढं."

"देवी येनार हाय का कोरटात साक्षीला?"

"पुन्हा बोल असं."

"बरं, तुमी नका येव. मी एकला जातो."

"जा. पण मंग मला तांडेल म्हनून हाक मारू नको."

त्यानं चपलेतली वाळू झाडली, जणू त्यासाठीच थांबला होता. मग म्हणाला, "ऱ्हाव दे." अजून पंधरा-वीस दिवस हातात होते. तो गेला नाही.

मला वाटायचं, नांगर टाकला की होडी जागची हलत नाही, तसे नारळ ठेवला की दिवसही थांबतात. पंचांचे दिवस थांबले होते. कोर्टाचे चालतच होते.

पुनव झाली. पंचांनी नारळ फोडला. निकाल असा, की तांडेलानं मालकाची माफी मागावी आणि कामावर यावं. खलाशाच्या जागी दुसरा घेतलाय, त्याचं काही होणार नाही. खोबरं वाटलं. मी माझा तुकडा तिथंच ठेवून उठलो.

मग दोघं अलिबागला वकिलाकडे गेलो. वकिलानं कॅलेंडर काढलं, बोटानं एकेक महिना मागे गेला. "उशीर झालाय. उशीर माफ करावा म्हणून वेगळा अर्ज लागेल. पण कारण पटायला हवं."

मी नारळाचं सांगितलं. त्यानं विचारलं, "याचा काही कागद?" पंच कागद करत नाहीत. मग तो खलाशाकडे वळला. "मुदतीबद्दल तुम्हाला आधी कुणी काही सांगितलं होतं?"

मी भिंतीकडे बघत होतो. आता हा बोलणार.

"न्हाय सायब," तो म्हणाला. "आमाला कुनाला ठावंच नव्हतं."

आमाला म्हणाला. मला धरून. मीही मान डोलावली.

कोर्टात त्यानं तेच शपथेवर सांगितलं. मीही सांगितलं. पंचांतला एकही साक्षीला आला नाही. मुदत माहीत नव्हती एवढं कारण कोर्टाला पुरलं नाही. एस.टी.ची वाट बघताना त्यानं शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढं धरली. "घ्या तांडेल."

पुढच्या पावसाळ्यात मालकानं ती फळी गुपचूप बदलली. सुतारानं मला सांगितलं. मी खरा ठरलो, पण ते कुणाला सांगू?

खलाशी काशीदला एका लॉजवर रखवालदार झाला. जन्म पाण्यावर काढलेला माणूस, गाड्यांना फाटक उघडायचा. गेल्या वर्षी काविळीनं गेला. तेव्हापासून मला ते "न्हाय सायब" ऐकू येतं. भर उन्हात, दाढी करताना, ताटावर बसल्यावर. एकदा मी मोठ्यानं म्हणालो, "होय, सांगितलं होतं यानं!" सून दारात येऊन बघून गेली.

त्याच्या बायकोला हे ठाऊक नाही. आज सांगायचंच असं ठरवून मी तीनदा तिच्याकडे गेलो. ती अंगणात दोरीवर बोंबील अडकवत असते.

"बसा भावोजी. तुमी तरी काय करनार? माजाच नवरा बावला. नव्वद दिस व्हते म्हनं, त्यात अलिबागची एक फेरी जमली न्हाय त्याला. झोपून ऱ्हायला मेला."

"वैनी, तो..."

"तुमी नका त्याची बाजू घेव. तुमी मोठ्या मनाचे."

मग ती आत जाऊन चहा टाकते. मला गोड लागतो म्हणून साखर जास्त घालते. मी पितो.