रातपाळीचा गूळ

आमच्या बाबांचे पुढचे दोन दात मोरीत घसरून पडले, असं माझी बहीण कमल अजूनही समजते. शेजारच्या चंद्रभागाबाई तसंच समजत. डॉक्टरांनीही तेच ऐकलं. मी तिथेच उभी होते, आणि गप्प राहिले — त्या दिवशी, आणि नंतरही प्रत्येक वेळी. तुम्ही माझे कोणी नाही. म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगणं जमेल.

दात मोरीत पडले नाहीत.

एवढं लिहिलं आणि उठून चहा करून आले. पुढचं लिहायचं म्हणजे आधी माझ्याबद्दल लिहायला हवं, आणि तिथे माझी मान आपोआप ताठ होते. मी बी. ए. आहे. आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. हे मी कुणी न विचारता सांगते, पूर्वीही सांगत होते. शाळेत मास्तरीण झाले तेव्हा पहिल्या पगारातून काळी चामड्याची पर्स घेतली आणि गल्लीतून जाताना ती हातात न धरता खांद्याला लावली. लोकांनी पाहावं म्हणून. आजोबांचा हातमाग विकला गेला, बाबा गिरणीच्या सूतखात्यात लागले, आणि त्यांच्या रातपाळ्यांवर माझी पुस्तकं आली. लोक त्यांना म्हणत, "पोरीले कालेजात घालून काय कलेक्टर करतं का गा?" बाबा म्हणत, "झाली तं झाली. तुह्या पोटात काहून दुखते?"

रातपाळीला मध्यरात्र उलटल्यावर सुट्टी होई. सगळे गडी खाली बसून डबे उघडत, आणि भाकरीनंतर गूळ खात. गूळ खायचाच. गिरणीत कापसाची धूळ नाकातोंडात जाते, ती छातीत बसते, आणि गुळानं ती खाली उतरते — अशी त्यांची पक्की समजूत. बाबांच्या पितळी डब्याच्या खालच्या ताळीत, म्हणजे तळच्या कप्प्यात, रोज गुळाचा खडा असे. अर्धा ते खात. अर्धा सकाळी घरी आणत, माझ्यासाठी. त्या खड्याला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले असत. ते दातांनी ओढून काढायचे आणि मग गूळ चोखत शाळेला जायचं. माझं लहानपण म्हटलं की तीच चव आठवते.

मग आई गेली, कमल लग्न होऊन उमरेडला गेली, बाबा गिरणीतून रिटायर झाले. घरात आम्ही दोघं. आणि बाबांना साखर निघाली. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, ती भरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, साखर उतरली नाही तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल.

गोळ्या सुरू झाल्या. दिवसाचं पथ्य बाबा पाळत. पण गिरणी सुटली तरी रातपाळी अंगातून गेली नव्हती. सगळं गाव झोपलेलं असताना त्यांचा डोळा उघडे, ते खोकत, आणि स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजे. भाकरीचा तुकडा आणि गूळ. मी पाटीवर चित्र काढून दाखवलं — ही श्वासाची नळी, ही अन्नाची. गूळ या नळीनं जातो बाबा, कापूस त्या नळीत आहे. बाबांनी चित्र नीट पाहिलं. "असं हाय होय?" म्हणाले. रात्री झाकण वाजलं.

मी कपाटाला कुलूप लावलं. बाबांनी वाण्याकडून गूळ आणून उशाखाली ठेवला. मी उशी तपासू लागले, मग कोटाचे खिसे. एकदा त्यांच्या मुठीत खडा सापडला. मूठ उघडेनात, तेव्हा मनगट पिळलं. शाळेत माझी छडी सगळ्यांना माहीत होती. हात पुढे करायला लावून बोटांच्या सांध्यांवर मारायची माझी पद्धत होती, आणि मुलं सरळ होत. तीच छडी मी घरी आणली. बापाच्या सांध्यांवर मारली. त्यांच्या बोटांना सुतानं कापल्याचे जुने व्रण होते, त्यांवर. शेवटी जुन्या लुगड्याच्या किनारीनं त्यांचा उजवा हात रात्री खाटेला बांधू लागले. पहिल्या रात्री ते हसले. "बैलाले दावं लावून राहिली का वं, मास्तरीणबाई?" मी हसले नाही. गाठ आणखी ओढली.

तुम्ही म्हणाल, बिचारी, बापाच्या पायासाठी करत होती. इथपर्यंतचं कमललाही थोडंफार माहीत आहे. तीही असंच म्हणते. तेव्हा आता नीट ऐका.

एका रात्री बाबांनी गाठ सोडली आणि ते मागच्या दारानं चंद्रभागाबाईंकडे गेले. त्यांनी काय मागितलं ते मी ऐकलं नाही, मी झोपले होते. सकाळी नळावर कळलं. गल्लीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि चंद्रभागाबाई माझ्याकडे न बघता, मोठ्यानं म्हणाल्या, "बी. ए. झाली वं बाई, अन् बापाले उपाशी मारून राहिली. रात्री भीक मागाले लावते." कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. माझी घागर अर्धीच भरली होती, ती उचलून मी घरी आले. खांद्याची पर्स, भिंतीवरचा पदवीचा फोटो, सगळं त्या हसण्यानं नळाच्या चिखलात पाडलं, असं वाटलं. त्या दिवशी शाळेत एका मुलाला इतकं मारलं की हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

संध्याकाळी येताना मी वाण्याकडून गूळ घेतला. स्वतः. मोठा खडा.

हे कुणालाच माहीत नाही. त्या रात्री मी बाबांचा हात बांधला नाही. कपाटाला कुलूप घातलं नाही. गिरणीचा पितळी डबा फळीवरून काढून पुसला, खालच्या ताळीत गूळ ठेवला, आणि डबा चुलीजवळ, हाताला लागेल असा मांडला. दिवा मालवला. मग दाराआड भिंतीला टेकून, अंधारात बसले. वाट पाहत बसले. रागाच्या भरात हात उठला, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण राग असा चार तास भिंतीला टेकून बसतो का?

बाबा आले. पाय ओढत आले — दुखरा पाय. चाचपडत डब्यापाशी बसले. मी त्यांना झाकण उघडू दिलं. गूळ तोंडात घालू दिला. ते "हं" करून बारीकसे सुस्कारले, उन्हातून येऊन पाणी प्यायल्यावर माणूस सुस्कारतं तसे. तेव्हा मी उठले, दिवा लावला, त्यांच्या हातातून डबा हिसकला आणि त्याच डब्यानं त्यांच्या तोंडावर मारलं.

पहिला फटका गुळासाठी होता, असं धरा. गूळ तेवढ्यानंच बाहेर पडला. रक्तासकट जमिनीवर पडला. मग दुसरा कशासाठी होता? "माग आता भीक! जा, माग! थेरड्या, माह्या तोंडाले काळं फासतं काय रे!" — अरे-तुरे करत होते मी, बापाला, ज्याला जन्मात कधी तू म्हटलं नव्हतं. डब्याची कड दातांवर बसल्याचा आवाज झाला. बाबांनी हात उचलला नाही. त्यांच्या पंज्यात जोर होता, त्यांनी माझा हात सहज धरला असता. त्यांनी फक्त भिंतीकडे पाहिलं — चंद्रभागाबाईंच्या बाजूच्या भिंतीकडे — आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणाले,

"हळू वं माय. बाजूचे ऐकतीन."

मला वाचवत होते. माझं नाव वाचवत होते. ते मला कळलं. तेव्हाच, त्याच क्षणी कळलं. आणि ते कळल्यावर मी पुन्हा मारलं.

पाय? त्या सगळ्या वेळात मला त्यांच्या पायाची आठवणही झाली नव्हती.

सकाळी बाबांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, मोरीत घसरलो. डॉक्टरांना सांगितलं. उमरेडहून कमल धावत आली, तिला सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली, "ताई, तू हायेस म्हणून मी तिकडे निवांत झोपतो." बाबा खाटेवर बसून ऐकत होते. सुजलेल्या तोंडावर ओला फडका धरून. चूल सारवताना मला दाताचा एक तुकडा सापडला. तो मी केरात टाकला.

आणि सवय मोडली. एका रात्रीत मोडली. साखर उतरली, अंगठ्याची जखम भरली. डॉक्टर म्हणाले, "शाबास." शाळेत मैत्रिणी विचारत, कसं काय जमवलंत हो? म्हातारी माणसं ऐकत नाहीत. मी म्हणायची, "समजावून. प्रेमानं घेतलं की ऐकतात." एकीच्या सासऱ्याला अशीच सवय होती. तिला मी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता उपाय सांगितले. काय काय सांगितलं असेल मी तिला?

बाबा पुढं बरीच वर्षं जगले. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी पुन्हा ओलांडला नाही. पाणीसुद्धा मागून घेत. मी भांडं उचललं की त्यांची मान थोडी मागे जाई. माझी पाठ असतानाही जात असेल, मी काय पाहिलं? रात्री ठरल्या वेळी खाट करकरे. ते उठून बसत आणि धोतराचा सोगा तोंडात कोंबून खोकत, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू जाई. मी जागी असे. उठत नसे.

शेवटच्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, आता जे मागतील ते द्या. बाबांनी काहीच मागितलं नाही. एका रात्री खाट करकरली तेव्हा मी उठले. गूळ घेतला. घरात वाट्या होत्या, ताटल्या होत्या, पण मी गूळ त्या पितळी डब्यातच ठेवला. मनात आलं, गिरणीची आठवण येईल, त्यांना बरं वाटेल. खरंच एवढंच आलं मनात. खालच्या ताळीची कड आत दबली आहे, हे डबा त्यांच्यासमोर धरेपर्यंत माझ्या ध्यानात नव्हतं.

बाबांनी डबा पाहिला, आणि दोन्ही तळहात तोंडावर धरले.

"खा ना बाबा," मी म्हटलं. "गूळ हाय. तुमीच तं म्हणत होते, कापूस उतरते."

हात तसेच ठेवून, बोटांच्या फटीतून ते म्हणाले, "नाही वं बाई. सुटली माही सवय."

काही दिवसांनी ते गेले. आंघोळ घालताना लोकांनी डावा पाय पाहिला. अंगठ्यासकट शाबूत, नखं कापलेली, स्वच्छ. चंद्रभागाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरीनं पाय राखला बापाचा." बायकांनी माझ्याकडे पाहून माना हलवल्या.

मीही हलवली.