खेळात नसलेला तुकडा

पुण्यातल्या एका वाद्यवृंदासाठी मी व्हिडीओ गेमचं संगीत बसवते. टीव्हीतून टिंवटिंव वाजणारी धून घ्यायची आणि पन्नास वादकांत वाटून द्यायची, एवढंच काम. वाटूरला, माझ्या गावी, हे सांगितलं की लोक विचारतात, गातं कोण? कोणीच गात नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपतो.

मागच्या वर्षी मी हट्टानं माझ्या लहानपणीचाच खेळ निवडला. वाद्यवृंदाच्या संचालकांनी मूळ धून पाठवली होती, ती मी उघडलीसुद्धा नाही. मला ती तोंडपाठ होती, आणि तोंडपाठ असल्याचा माज होता.

तो खेळ मी उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळायचे. वडिलांचा लग्नाचा बँड होता. फाट्यावर दुकान, मागे आमच्या दोन खोल्या, मधे एक पडदा. लग्न नसलेल्या दुपारी पत्रे तापून कडकड वाजायचे. कूलरचं पाणी ठिबकायचं, सोललेल्या मोसंब्यांचा वास हाताला असायचा, आणि टीव्हीतला छोटा निळा माणूस एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर उड्या मारत चाललेला असायचा. मधेच माझा डोळा लागायचा. मग ते तळं खोलीत यायचं, कूलरचं पाणी त्यालाच मिळायचं, धून मात्र चालूच. जागी झाले की मी झोपले होते की खेळत होते, हे मला सांगता येत नसे. अजूनही त्या सगळ्या दुपारी मला एकच वाटतात, आणि ती एक दुपार कुठे संपली ते आठवत नाही.

पहिल्या तालमीला सगळे खुशीत होते. निम्मे वादक हाच खेळ खेळून मोठे झालेले. निळा माणूस पाण्यात पडतो तिथली उतरती धून झाली, आणि व्हायोलिनवाल्यांनी हातातले गज खाली घेतले. माझ्या कागदावर लिहिल्याप्रमाणे क्लॅरिनेट एकटंच वीस सेकंद वाजत राहिलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

संचालक शांतपणे म्हणाले, "हा तुकडा खेळात नाही."

मी भांडले. मग त्यांनी मूळ धून लावली. माणूस पडला, सूर उतरले, आणि पुढे काहीच नाही. कोणी बटण दाबेपर्यंत नुसती शांतता. माझे कान तापले. इतकी वर्षं मी त्या जागी संगीत ऐकत आले होते.

संचालकांनी स्पष्ट सांगितलं, परवानगी फक्त मूळ धुनेची आहे. हा तुकडा कोणाचा ते खेळाच्या कंपनीला सोमवारपर्यंत लेखी कळवा, नाहीतर काढून टाका. तो काढायचं माझ्या जिवावर आलं होतं. का, ते कळत नव्हतं. ऐकला असेल तर तो मी त्या दोन खोल्यांतच, म्हणून शनिवारी सकाळी मी गावची गाडी धरली.

जालना मागे पडलं, दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा लागल्या, आणि खिडकीला डोकं टेकून मला पुन्हा तशीच झोप लागली. झोपेत धून सुरू झाली. माणूस पडला, आणि क्लॅरिनेट वाजलं. पण या वेळी मला दिसलं की टीव्ही गप्प आहे आणि दुकानाकडचा पडदा हलतोय.

वडील दुकानातच बसले होते. बँड आता चुलतभाऊ चालवतो. पुढचे दात पडले तसं वडिलांचं क्लॅरिनेट बंद झालं, तरी रोज त्याची पेटी उघडून ते पुसून ठेवतात. मी तालमीतला तुकडा मोबाईलवर लावला. ते ऐकत राहिले, मग हसले.

"हे तं माझं हाय."

मी त्यांना सगळा घोळ सांगितला. ते म्हणाले, मंग काढून टाक, दुसऱ्याच्या कामात आपलं कशाला घुसवायचं. मला रागच आला. काढायचंच होतं तर तेव्हा वाजवलंत कशाला, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "तू हरली की रडायची न्हाई, बोलायची बी न्हाई. आतून काहीच आवाज यायचा न्हाई. मला ते बघवायचं न्हाई. मंग तुला पुन्हा खेळू वाटेस्तोवर मी वाजवायचो."

तेव्हा आठवलं. तो तुकडा संपला की पडद्यापलीकडून रोज दोनच शब्द यायचे: "लाव आता." मी बटण दाबायचे.

कंपनीला मी पत्रात झालं तसंच लिहिलं. खाली वडिलांनी सही केली. आठवड्यानं उत्तर आलं, राहू द्या.

कार्यक्रमाला वडील माझ्या शेजारी बसले, नव्या कवळीनं जरा अवघडलेले. सभागृह भरलं होतं आणि पोरंपोरी धुनेबरोबर गुणगुणत होती. माणूस पाण्यात पडला, सूर उतरले. क्लॅरिनेट सुरू झालं तशी सगळी गुणगुण थांबली, कारण पुढचं कोणालाच येत नव्हतं. मी वडिलांकडे बघितलं. त्यांची बोटं मांडीवर चालत होती, एकही सूर न चुकता.

क्लॅरिनेट थांबलं. व्हायोलिनवाल्यांनी गज उचलले, पण अजून टेकवले नव्हते. तेवढ्यात वडील माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "लाव आता."