ह्यांच्या पाठीसाठी हँडल

माझा नवरा जहाजावर खलाशी होता. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही नवरा-बायको कमी आणि पाहुणे जास्त होतो. वर्षातले दोन-तीन महिने हे घरी, बाकीचा वेळ मी, सासूबाई आणि नेरूळचा एक बेडरूमचा फ्लॅट. मी बेलापूरला एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली पहिली मीच, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका वर्षी हे पाठ धरूनच घरी आले. जहाज धक्क्याला लावताना दोर ओढला आणि फऱ्याखाली, खांद्यामागच्या चपट्या हाडाखाली, काहीतरी लचकलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, हाड शाबूत आहे म्हणाले. पाठीचे स्नायू बळकट करायचे, पुलीवर ओढायचा व्यायाम रोज करायचा, वजन हलकं ठेवायचं. कंपनीच्या मेडिकलमध्ये पास झाल्याशिवाय पुढचं जहाज नव्हतं. म्हणजे पाठ बरी झाली की हे जाणार, नाही झाली तर राहणार. हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्याच कळलं.

तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ह्यांनी लोखंडी चौकट बनवून घेतली. वर पुली, खाली पुली, मधून तार, मागे वजनाच्या चकत्या. ती हॉलमध्ये उभी करायची तर टीव्ही दारामागे सरकवावा लागला. सासूबाई शेजारच्याच करावे गावातल्या, बोलणं तिकडचंच. चौकटीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "यो लोखंडाचा झाड घरान कसाला आनलास रं?"

"आये, पाठीसाठी."

"पाठीला तेल लावतान. झाड नाय लावत."

तारेच्या टोकाला नुसता आकडा होता. हातात धरायचं काय, ते वाशीच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून आणायचं होतं. दुकानदारानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. एक लांब सरळ दांडी, एक टोकांना गाठी मारलेला जाड दोर, आणि घोड्याच्या रिकिबीसारखी दोन सुटी हँडलं, एकेका हातात धरायची. ह्यांनी थेट दोर उचलला.

"बाकीचे धरून तर बघा."

"अगं, आयुष्यभर दोरच ओढतोय. हा माझ्या हातातला आहे."

तिथेच चुकलं. खलाशाच्या हातात दोर आला की त्याचं अंग मागे झुकतंच. जहाजावर दोर ओढतात तो सगळ्या देहाचा भार टाकून, झटक्यानं. घरात स्टुलावर बसून हे तसंच ओढायला लागले. मान मागे, कंबर मागे, चकत्या धाडकन वर. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा विचारून गेल्या. थोड्याच दिवसांत ह्यांना सतरंजीवरून उठता येईना.

खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले. ऑफिसातून आले की घरात माणूस असायचा. पडल्या पडल्या बंदरांच्या गोष्टी सांगायचा, माझ्या साहेबाच्या नकला करून दाखव म्हणायचा. सासूबाई तर उघडच म्हणाल्या, "राहूं दे तो दोर तसाच. पोर घरान तरी राहील."

माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी बोलले नव्हते. पण झोपेत कूस वळताना हे दात आवळून थांबायचे, मग हळूच वळायचे. घरात राहावा म्हणून माणूस दुखताच ठेवायचा, हे मला जमणारं नव्हतं.

एका रविवारी मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातात बारीक लाटणं दिलं.

"पोळ्या लाटू?"

"धरा हो. ओढल्यासारखं करा."

बारीक लाटण्यावर मुठी इतक्या आवळल्या की मानेच्या शिरा उठल्या. वरवंटा दिला तर बोटं पुरेनात. चपातीचं जाड लाटणं तेवढं हातात बसलं. तेही आडवं धरलं की कोपर बाहेर जायचे आणि खांदे कानाला भिडायचे. मग खालच्या बाईंकडून तसंच दुसरं लाटणं आणून दोन्ही हातांत एकेक उभं दिलं, तळवे एकमेकांसमोर. खांदे आपोआप खाली आले.

ते जाड लाटणं पर्समध्ये घालून मी दुकानात गेले. दुकानदार हसला. "भाभी, इधर रोटी नहीं बनती."

"माहितीये मला. ती सुटी हँडलं काढा, आणि एवढी जाड मूठ हवी."

हँडलाचा पाइप बारीक होता. त्यावर सायकलची रबरी ग्रिप चढवायला लावली. पाइप ज्याला अडकवलाय त्या पट्ट्यात तो मोकळा फिरतो का तेही बघितलं, म्हणजे मूठ वळेल, मनगट पिळणार नाही. मी कुणी कोच असल्यासारखं दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. बघू दे.

मग रोज सकाळी हे स्टुलावर आणि मी मागे. दोन फऱ्यांच्या मध्ये तळवा टेकवायचा आणि सांगायचं, "इथून ओढा. हातांनी नको." एवढ्या वर्षांच्या लग्नात ह्यांच्या पाठीवर मी इतका वेळ हात ठेवून कधी बसले नव्हते. हाताखाली पाठ हळूहळू भरत गेली. मला आनंद व्हायचा, आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर जायची.

मेडिकलहून हे संध्याकाळी परत आले. चपला काढता काढता म्हणाले, "पास."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "घे. बस आता वाट बगत. तुज्याच हातान धाडलास त्याला." आणि आत निघून गेल्या.

हे माझ्या मागोमाग ओट्यापाशी आले. "नापास झालो असतो तर तुला बरं वाटलं असतं ना?"

"हो."

"मग एवढं कशाला केलंस?"

"तुम्हाला कूस वळता येत नव्हती."

ओट्याला टेकत हे म्हणाले, "या खेपेला लवकर येईन."

"कंपनी सोडेल तेव्हा याल. मला कशाला बनवता?"

दोघंही हसलो, पण फार वेळ नाही.

निघायच्या दिवशी टॅक्सी यायला अवकाश होता. बॅग दाराशी, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो काढून हे पुन्हा स्टुलावर बसले. मी मागे गेले आणि तळवा टेकवला. तार सरळ येत होती, चकत्या आवाज न करता वर जात होत्या.

"आता हात कशाला? बरोबर ओढतोय की."

"ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि हात तसाच ठेवला.