गोधडी कोणी धुतली

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आमच्याकडे अशा लेकराच्या दोन गोष्टी ठरलेल्या असतात. वीज कडाडली की त्याला दारात उभं राहू द्यायचं नाही, आणि गावात कुणाच्या कमरेत उसण भरली की त्याला बोलवायचं. दुखणेकरी ओसरीवर पालथा पडायचा, मी त्याच्या कमरेला हळूच लाथ मारायची आणि लगेच वाकून त्याच्याच पाया पडायचं. थोरामोठ्यांना पाय लागलेला असायचा ना!

कुरुंद्याच्या आसपासच्या गावांत आबा, म्हणजे माझे वडील, मला खांद्यावर बसवून न्यायचे. "पोरीच्या पायाला गुण हाय," हे ते ज्या थाटात सांगत, त्या थाटात त्यांनी स्वतःच्या शेतातल्या हळदीचंही कधी कौतुक केलं नाही. उसण चार दिवसांत आपोआप उतरतेच; ती लाथेने उतरली म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं? पण माणसं पाठ धरून यायची आणि हसत उठायची, हे मी लहानपणापासून बघत आले. दुसरं काही व्हायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आधी फिजिओथेरपी केली, मग पुण्याला जाऊन कायरोप्रॅक्टिक शिकले. मणके बोटांनी चाचपायचे, अडकलेला सांधा ओळखायचा आणि हाताने नेमका झटका देऊन तो मोकळा करायचा. आबा पारावर सांगायचे, "लाथ माराया शाळा काहून लागती म्हन्तो मी!" आणि मी सुट्टीला आले की पहिल्यांदा त्यांचीच मान पुढे असायची.

शिकवलं मात्र निराळंच. हात कुठे लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही, यावरच आमच्या बाईंनी जास्त जीव आटवला. कमरेच्या मणक्यांमधली गादी कधीकधी इतकी सरकते की लघवी-संडासच्या नसा दाबल्या जातात. अशा माणसाला झटका द्यायचा नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात धाडायचं, कारण उशीर झाला तर त्या नसा पुन्हा जाग्या होतीलच असं नाही. म्हणून प्रत्येकाला विचारायचंच: पाय बधिर होतो का, बसायची जागा बधिर वाटते का, लघवी नीट होते का.

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानामागे मी खोली घेतली. पाटी मोठी लावली, पण लोकांनी 'मणकेवाल्या मॅडम' असं सोपं करून टाकलं. निम्मे ट्रकवाले, निम्मे मोबाइलवर माना मोडायचे व्हिडिओ बघून आलेले. कट् असा आवाज झाला नाही तर ह्यांना उपचारच झाला नाही असं वाटतं. पंजाबपासून केरळापर्यंतच्या ड्रायव्हरांना मी "पेशाब साफ होती है क्या?" असं खणखणीत विचारायची. लाजबीज पुण्यातच ठेवून आले, अशी माझी समजूत होती.

हळद शिजवून वाळत घातली होती, त्या दिवसांत एका सकाळी आबा एसटीने एकटेच आले. एक चप्पल पायात, एक हातात. म्हणाले, अंगठा तुटला. मी चप्पल हातात घेऊन बघितली तर अंगठा शाबूत. पायातून चप्पल गळून पडत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं.

"पोतं उचललं अन् चमक भरली," ते म्हणाले. "हाण एक झटका. दुपारच्या गाडीनं जातो मी. हळद उघडी पडून राहिली."

बाकावर चारपाच जण बसले होते. 'मॅडमचे वडील' म्हणून त्यांनी सरकून जागा केली. मी आबांना आत घेऊन पडदा ओढला. टेबलावर बसवून म्हटलं, पाऊल वर उचला. उजवं उचललं. डावं उचलताना नुसता गुडघाच हलला.

पुढचा प्रश्न मला पाठ होता, पण तोंडातून येईना. आमच्या घरात बापलेकीत हे बोलणं नाही. मी शहाणी झाल्यापासून आबांनी माझ्यासमोर कधी सदरा काढला नाही, आणि ते न्हाणीकडे निघाले की मी आपसूक दुसरीकडे जायची. शेवटी त्यांच्या पावलाकडे बघत मी पुटपुटले, "आबा, लघवी... बराबर होऊन राहिली ना?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "व्हय. समदं बराबर हाय."

"बसायच्या जागी सुन्न वाटतं का?"

"न्हाई म्हन्लं ना! तू झटका हाण."

पडद्यापलीकडून टायरवाल्या भाऊंनी आबांसाठी चहा पाठवला. आबांनी कप बाजूला सारला. पाणीही नको म्हणाले. चहासाठी मयताच्या घरीही थांबणारा माणूस, आणि आज उन्हातून येऊन घोटभर पाणी घेईना. मी हात धुते म्हणून मागच्या दाराने बाहेर गेले आणि आईला फोन लावला. काय विचारावं ते सुचेना, म्हणून नुसतं म्हटलं, आबा घरी कसे होते?

आई हसायलाच लागली. "काय सांगू माय! जल्मात कपबशी इसळली न्हाई ह्या मानसानं, अन् परवापासून आपली गोधडी आपुनच धून राहिले. म्या हात लावाया गेले तर अंगावर आले. म्हातारपणी काय खूळ भरलं, देव जाणे."

मी तिला काही बोलले नाही. बोलले असते तर ती तिथेच बसली असती.

आत आले. आबा पालथे पडून तयार होते, टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकात तोंड घालून. मी म्हटलं, "आबा, झटका द्यायचा न्हाई. नांदेडला जायचंय, आत्ताच."

ते तसेच कडाडले, बाहेर ऐकू जाईल असे. "साऱ्या दुनियेचे मणके बसवतीस अन् बापाच्या पाठीला हात लावाया जड जातं व्हय? हातानं नसंल जमत तर पाय लाव. लहानपणी बराबर जमत होतं."

मला राग आला. खरंच राग आला, त्यांचा आणि त्यांच्या त्या अब्रूचा. मी खाली बसले, भोकाजवळ तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "गोधडी कोणी धुतली, आबा?"

मग त्यांच्या डोळ्यांतलं पाणी फरशीवर पडताना मला दिसलं. मी उठून पडद्याकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे त्यांना उतरता यावं.

भाऊंनी गाडी काढली. नांदेडच्या दवाखान्यात माझ्याहूनही लहान दिसणाऱ्या एका डॉक्टर मुलाने तोच प्रश्न विचारला, आणि आबांनी त्याला पटकन सांगून टाकलं, "परवापासून कळतच न्हाई, साहेब. आपुआप सुटती." त्या परक्या पोराला. मी तिथेच, हातभर अंतरावर, चप्पल घेऊन उभी होते.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. पायात बराच जीव आला. आता काठी टेकत हळदीपर्यंत जातात. ते दुसरं मात्र आलं नाही. परवाच आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. लघवीसाठी दर वेळी नळी घालावी लागते. दवाखान्यातल्या ब्रदरने शिकवलं आणि आबांनी अर्ध्या दिवसात शिकून घेतलं, मला किंवा आईला शिकायची वेळ येऊ नये म्हणून.

आता म्हाताऱ्या माणसांना मी समोर बसून ते विचारत नाही. टेबलावर पालथं झोपवते, तोंड भोकात गेलं की मग विचारते. बाईमाणसापुढे न बोलणारे तिथे खरं बोलतात. एवढं साधं मला आधी सुचलं असतं तर, असं नाही म्हणत मी. त्या दिवशी आबा आले तेव्हाच उशीर झालेला होता. पण त्यांच्या लाजेला मी अजून माफ केलेलं नाही, आणि माझ्या लाजेलाही नाही.

नळीतून जंतू आत जायची भीती असते. ताप आला, लघवी गढूळ झाली तर लगेच कळायला हवं, नाहीतर मूत्रपिंडावर जातं. म्हणून मी रोज सकाळी घरी फोन करते. आई उचलते आणि न बोलता आबांकडे देते.

"आबा, लघवी साफ होऊन राहिली ना?" आता मी अडखळत नाही.

"व्हय माय," ते म्हणतात. "समदं बराबर हाय."

मग मी आईला परत द्यायला सांगते, आणि तिला विचारते की आज धुणं कोणी धुतलं.